पार्कात तंबू टाकताय? आधी रेंजरला गाठा

अमेरिकेतल्या नॅशनल पार्कात मी पहिल्यांदा तंबू घेऊन गेले ते यलोस्टोनला. दोन दिवस गाडी इकडून तिकडे पळवली आणि दिसलं काय, तर पुढच्या गाड्यांचे लाल दिवे, रस्त्याकडेचे बायसन (गव्यासारखे दांडगे, केसाळ प्राणी) आणि एकदा लांबवर काहीतरी तपकिरी. ते अस्वल होतं की जळका बुंधा यावर घरात अजून एकमत नाही. तिसऱ्या संध्याकाळी सगळेच वैतागलो होतो, म्हणून कॅम्पग्राउंडमधल्या रेंजरच्या, म्हणजे पार्काची देखरेख करणाऱ्या कर्मचाऱ्याच्या, माहितीच्या कार्यक्रमाला जाऊन बसलो. कार्यक्रम संपल्यावर आमची रडकथा ऐकून त्या रेंजरबाई म्हणाल्या, "उद्या फिरू नका. एका जागी बसा." कुठे बसायचं तेही सांगितलं. दुसऱ्या दिवशी पहाटे लामार व्हॅलीत रस्त्याकडेच्या एका थांब्यावर दीड तास बसलो. आधीच्या दोन दिवसांत मिळून पाहिलं नव्हतं एवढं त्या दीड तासात पाहिलं.

आपल्याला जंगल म्हटलं की जिप्सी आणि गाइड डोळ्यांसमोर येतात. इथे तसं नाही. गाडी तुमची, दुर्बीण तुमची, चुकाही तुमच्याच. पण रोज त्या जंगलात वावरणारा माणूस संध्याकाळी तासभर तुमच्यासमोर उभा असतो आणि बहुतेक ठिकाणी त्याचे पैसेही पडत नाहीत. लोक तो कार्यक्रम 'जमलं तर जाऊ' म्हणून शेवटच्या रात्रीवर ढकलतात. तुम्ही पहिल्या रात्री जा.

जागा निवडताना

बहुतेक नॅशनल पार्कांच्या कॅम्पग्राउंडचं बुकिंग रिक्रिएशन डॉट गव्ह या सरकारी संकेतस्थळावर होतं. बऱ्याच जागा सहा महिने आधी खुल्या होतात आणि उन्हाळ्यातले शनिवार-रविवार बघता बघता संपतात. यलोस्टोनमधली मॅडिसन, कॅन्यन, ग्रँट व्हिलेज अशी मोठी कॅम्पग्राउंडं मात्र पार्कची कंत्राटदार कंपनी चालवते, त्यांचं बुकिंग वेगळीकडे होतं. तिथल्याच फिशिंग ब्रिजला तंबू चालतच नाही. ग्रिझली अस्वलांचा वावर असल्यामुळे तिथे फक्त पक्क्या भिंतींच्या आरव्हींना, म्हणजे राहण्याची सोय असलेल्या मोठ्या गाड्यांना, परवानगी आहे. बुकिंग करताना हे वाचायचं राहिलं, तर रात्री आठला भर पार्कात दुसरी जागा शोधत फिरावं लागेल.

जागा निवडताना लोक सावली बघतात, नळ बघतात, संडास किती लांब ते बघतात. मी आधी नकाशावर ॲम्फीथिएटर आहे का ते बघते. नाव मोठं असलं तरी ते म्हणजे झाडांमध्ये मांडलेली लाकडी बाकं, समोर एक पडदा आणि बहुतेक वेळा शेकोटीची जागा. ते तुमच्या तंबूपासून चालत जाण्याच्या अंतरावर असलं की कार्यक्रमाला जाणं होतंच. वीस मैल गाडी चालवून जायचं असेल तर पहिल्या दिवसाच्या दमणुकीनंतर कोणी उठत नाही.

पोचल्यावरचा पहिला तास

तंबू नंतर. आधी खाण्याचं सामान.

अस्वलांच्या प्रदेशातल्या कॅम्पग्राउंडमध्ये बहुधा साइटवरच किंवा जवळपास एक जाड लोखंडी पेटी असते, तिला सगळे बेअर बॉक्स म्हणतात. खाणं, कूलर, स्टोव्ह, भांडी, कचरा तर त्यात जायचंच, पण टूथपेस्ट, साबण, डिओडरंट, ओठांचं मलम आणि मुलांच्या खिशातलं च्युइंगगमसुद्धा. नियम वासाचा आहे, चवीचा नाही. तंबूत वास येणारी एकही वस्तू ठेवायची नाही. कॅलिफोर्नियातल्या योसेमिटीत तर रात्री गाडीतही खाणं ठेवायला बंदी आहे, कारण तिथली काळी अस्वलं गाडीचं दार चौकटीपासून वाकवून उघडतात.

पेटीची कडी कशी असते ते उजेड असतानाच नीट बघून घ्या. बऱ्याच पेट्यांना उघड्यावर मूठ नसते. एका खाचेत बोटं घालून आतली पट्टी दाबावी लागते, आणि त्या खाचेत अस्वलाचा पंजा शिरत नाही, सगळी करामत तेवढीच. पण दार लावताना कडी 'खट्' वाजेपर्यंत बसली नाही, तर ती पेटी असून नसल्यासारखी. आमची एकदा अर्धवट राहिली. सकाळी दारावर रेंजरची चिठ्ठी होती, आणि ती वाचताना शाळेतून घरी चिठ्ठी आल्यासारखं वाटलं. पण या बाबतीत रेंजर कडक असतात ते योग्यच आहे. माणसाच्या खाण्याला चटावलेलं अस्वल पुन्हा पुन्हा कॅम्पग्राउंडमध्ये येतं, धीट होतं आणि शेवटी अनेकदा त्याला मारावं लागतं.

सामान लागलं की मग फळ्याकडे. कॅम्पग्राउंडच्या तोंडाशी, बहुधा संडासाच्या भिंतीवरही, काचेच्या चौकटीत आठवड्याचं वेळापत्रक लावलेलं असतं. त्याचा फोटो काढून ठेवा. नॅशनल पार्क सर्व्हिसचं ॲपही चांगलं आहे, पण पार्कात नेटवर्क मिळेल या भरवशावर राहू नका. घरूनच त्या पार्काची माहिती ऑफलाइन उतरवून घ्या.

कार्यक्रमाला जाताना

हे कार्यक्रम साधारण मे अखेरच्या मेमोरियल डेपासून सप्टेंबरच्या सुरुवातीच्या लेबर डेपर्यंत जोरात चालतात. त्याच्या आगेमागे ते कमी होतात, आणि हिवाळ्यात बऱ्याच ठिकाणी थांबतात. फ्लोरिडातलं एव्हरग्लेड्स उलटं आहे. तिथे डिसेंबर ते एप्रिल हा कोरडा हंगाम, पाणी आटतं तसे पक्षी आणि ॲलिगेटर उरलेल्या डबक्यांभोवती गोळा होतात आणि कार्यक्रमही तेव्हाच जास्त असतात. उन्हाळ्यात तिथे तंबू टाकायचा विचार करणाऱ्याने एक संध्याकाळ आधी डासांसोबत काढून बघावी.

संध्याकाळच्या कार्यक्रमाला पंधरा मिनिटं आधी पोचा. जाकीट घ्या. दुपारी घाम काढणारी डोंगरातली हवा सूर्य कलला की थेट थंडीत जाते. बसायला काहीतरी घडी करून घ्या, ती बाकं कोणाच्याही पाठीचा विचार करून केलेली नाहीत. परतताना अंधार असतो म्हणून बॅटरी हवीच, पण शक्यतो लाल उजेडाची. अंधाराला सरावायला डोळ्यांना वीस ते तीस मिनिटं लागतात आणि एक पांढरा झोत तो सराव क्षणात मोडतो, तुमचाही आणि शेजारच्यांचाही.

रेंजर बोलतात चाळीस-पन्नास मिनिटं. विषय काहीही असतो. लांडगे, वणवा, वटवाघळं, एखादी खारसुद्धा. खारीचा विषय बघून उठून जाऊ नका. यलोस्टोनमधली तांबडी खार व्हाइटबार्क पाइनची शंकू-फळं जमिनीत साठवते आणि ग्रिझली तो साठा उकरून त्यातल्या बिया खातं, हे मला अशाच एका कार्यक्रमात कळलं. त्यानंतर जंगलात उकरलेली जमीन दिसली की मी आधी आजूबाजूला बघते. कळपाने चरणाऱ्या प्राण्यांपेक्षा अशा खुणाच तुम्हाला जास्त दिसणार आहेत, आणि त्या वाचायला कोणीतरी शिकवावं लागतं.

खरा फायदा कार्यक्रम संपल्यावर. टाळ्या झाल्या की गर्दी पांगते आणि रेंजर सामान आवरत असतात. तेव्हा पुढे व्हा. "अस्वल कुठे दिसेल?" असं विचारू नका, त्या प्रश्नाला त्यांच्याकडे ठरलेलं उत्तर असतं. त्याऐवजी असं विचारा: या आठवड्यात सकाळी कोणत्या कुरणात हालचाल आहे? किती वाजता? थांब्यावर उभं राहून कोणत्या दिशेला बघू? आमच्याकडे एकच सकाळ आहे, तुम्ही असता तर कुठे बसला असता? शेवटच्या प्रश्नावर बहुतेक रेंजर खुलतात. घरटी किंवा गुहा कुठे आहेत ते मात्र सांगणार नाहीत, आग्रह करू नका.

वेळापत्रकात आणखीही प्रकार असतात. सकाळी रेंजरसोबत पायी फेरी असते, व्हिजिटर सेंटरबाहेर टेबलावर कातडी आणि कवट्या मांडून बसलेले रेंजर असतात, आणि युटातल्या ब्राइस कॅन्यनसारख्या गडद आकाशाच्या पार्कात रात्री तारे दाखवतात. पायी फेरीला कधी कधी आधी नाव नोंदवावं लागतं. न्यू मेक्सिकोतल्या कार्ल्सबाड कॅव्हर्न्सचा कार्यक्रम मात्र वेगळाच. मे अखेरपासून ऑक्टोबरपर्यंत संध्याकाळी गुहेच्या तोंडाशी बसायचं, रेंजर बोलतात आणि मग लाखो वटवाघळं बाहेर पडतात. फोन, कॅमेरा, सगळी इलेक्ट्रॉनिक उपकरणं बंद, कारण त्यांचा वटवाघळांना त्रास होतो. त्या पार्कात गाडी लावून राहायचं कॅम्पग्राउंड नाही, मुक्काम बाहेरच करावा लागतो. तरीही जा. सगळ्यांच्या हातांत काहीच नाही आणि सगळे वर बघताहेत, हे दृश्य आता दुर्मीळ झालंय.

पहाटेची बैठक

आता प्राणी. उजाडायच्या आधी अर्धा तास आणि नंतरचे दोन तास, तसंच सूर्यास्ताच्या आगेमागे, ही खरी वेळ. म्हणजे गजर चार-साडेचारचा. कपडे, दुर्बीण आणि पाणी रात्रीच गाडीत ठेवा. पहाटे गाडीची दारं आपटू नका, इतर लोक झोपलेले असतात. बहुतेक पार्कांत रात्री दहा ते सकाळी सहा शांततेचे तास असतात.

दुर्बीण घ्यायची असेल तर ८ × ४२. म्हणजे आठपट मोठं दिसतं आणि पुढचं भिंग ४२ मिलिमीटरचं. दहापट घेतली तर हाताची थरथरही दहापट वाढते, शिवाय पहाटेच्या अंधुक उजेडात आठची जास्त उजळ दिसते. वापरायची रीत एकच: प्राण्यावर रोखलेली नजर न हलवता दुर्बीण डोळ्यांशी आणायची. आधी डोळ्यांना लावून मग प्राणी शोधायला गेलात तर झाडंच मोजत बसाल.

कुठे बघायचं? कुरणाच्या मधोमध नाही, कडेला, जिथे गवत संपून झाडं सुरू होतात तिथे. जंगलात सगळं उभं असतं, खोडं उभी, फांद्यांच्या सावल्याही बऱ्याचशा उभ्याच. त्यात एक आडवी रेघ दिसली की थांबा. पडलेलं झाड नसेल तर ती कोणाची तरी पाठ असते. त्या रेघेवर दोन मिनिटं नजर ठेवा, कान हलतोच. मी पहिला मूस, म्हणजे घोड्याएवढं मोठं हरीण, असाच पाहिला, ग्रँड टीटन पार्कात ग्रो व्हाँट कॅम्पग्राउंडजवळ, विलोच्या झुडपांत. वीस मिनिटं मी ज्याला ओंडका समजत होते त्याने मान वर केली आणि तोंडातून पाणी गळत होतं.

दुसरी खूण म्हणजे इतर प्राण्यांच्या नजरा. एल्कचा (सांबरासारख्या मोठ्या हरणांचा) कळप चरायचा थांबून एकाच दिशेला बघत असेल, तर तुम्हीही तिकडेच बघा. डोमकावळे आणि मॅगपाय एका जागी घिरट्या घालत उतरत असतील, तर तिथे शिकार पडलेली असू शकते आणि तिच्यापाशी कोणीतरी येणार. लामारमध्ये पहाटे तिपायांवर मोठ्या दुर्बिणी लावून बसलेली मंडळी दिसतील. हे लांडगेवेडे. यलोस्टोनमधले लांडगे १९२६ पर्यंत मारून संपवले गेले होते. १९९५ आणि १९९६ मध्ये कॅनडातून ३१ लांडगे आणून सोडले, आणि तेव्हापासून लोक तिथे येऊन बसताहेत. गाडी बंद करा, हळू आवाजात "काय दिसतंय?" विचारा. बहुतेक जण स्वतः बाजूला होऊन तुम्हाला भिंगातून बघू देतात.

आणि बसा. निदान एक तास. पहिली वीस मिनिटं कंटाळ्याची असतात, त्यातच निम्मे लोक निघून जातात.

अंतर, आणि त्यावर तडजोड नाही

यलोस्टोनमध्ये अस्वल, लांडगा आणि कूगर (पहाडी सिंह) यांच्यापासून १०० यार्ड म्हणजे ९१ मीटर, आणि बायसन-एल्कसकट बाकी प्राण्यांपासून २५ यार्ड म्हणजे २३ मीटर हे किमान अंतर. ग्रेट स्मोकी माउंटन्समध्ये अस्वल आणि एल्कपासून ५० यार्ड. प्रत्येक पार्काचा आकडा वेगळा असतो, प्रवेशद्वारावर मिळणाऱ्या कागदात तो छापलेला असतो. अंदाज घ्यायला अंगठा वापरा. हात पूर्ण ताणून अंगठा उभा धरा, एक डोळा मिटा. प्राणी अंगठ्याआड पूर्ण झाकला गेला तर बरं, कान-शेपटी बाहेर डोकावत असेल तर मागे सरा.

लोक अस्वलाला घाबरतात आणि बायसनजवळ जाऊन फोटो काढतात. यलोस्टोनमध्ये माणसांना सर्वात जास्त इजा बायसननेच केल्या आहेत. ९०० किलोपर्यंत वजन, तरी ताशी ३५ मैलांपर्यंत पळतो. गाईसारखा शांत चरताना दिसतो यावर जाऊ नका. शेपटी वर उचलली, पाय आपटू लागला, फुरफुरला, तर लगेच लांब निघा. तो कॅम्पग्राउंडमध्येही येतो. तुमच्या आणि गाडीच्या मध्ये उभा असेल तर चहा थांबेल, बायसनला हुसकायचं नाही.

अस्वलासाठी बेअर स्प्रे, म्हणजे अंगावर आलेल्या अस्वलावर मारायचा तिखट फवारा, घ्या, पण तो विमानात चालत नाही, ना हातातल्या बॅगेत ना चेक-इनच्या सामानात. तिथे पोचूनच विकत किंवा भाड्याने घ्या. तो पाठीवरच्या पिशवीत नको, कमरेला किंवा छातीवर, हात लगेच जाईल असा. त्याचा मारा जेमतेम सात-नऊ मीटरचा, म्हणून सुरक्षा-पट्टी काढायचा सराव आधी करून ठेवा. योसेमिटीत मात्र बेअर स्प्रे बाळगायलाच मनाई आहे, म्हणून त्या त्या पार्काचा नियम वाचा. अस्वल अचानक समोर आलं तर पळायचं नाही, हे सगळीकडे सारखंच.

गाडी थांबवायची तर चारही चाकं पांढऱ्या रेषेच्या बाहेर, ठरलेल्या थांब्यावर. अस्वल दिसलं की रस्त्यात गाड्यांची रांग लागते, आणि मग रेंजरला प्राण्यांऐवजी माणसं हाकावी लागतात. ड्रोनला नॅशनल पार्कांत २०१४ पासून बंदी आहे. यलोस्टोनमध्ये प्राण्यांचे आवाज काढून त्यांना बोलावणं आणि रात्री त्यांच्यावर प्रकाशझोत टाकणं हेही बेकायदा आहे. खारीला शेंगदाणा टाकणं हासुद्धा गुन्हाच.

कधी, कुठे

माझी आवड विचाराल तर सप्टेंबर अखेर, कोलोरॅडोतलं रॉकी माउंटन. एल्कचा माजाचा काळ. संध्याकाळी कुरणात पाऊल टाकायला त्या दिवसांत बंदी असते, रस्त्याकडेला उभं राहूनच ऐकायचं. तीनशे किलोचा नर मान मागे टाकतो आणि त्यातून गंजक्या बिजागरीच्या दाराने शीळ घालावी तसा आवाज निघतो. पहिल्यांदा ऐकणारा माणूस हमखास हसतो. मोरेन पार्कच्या कॅम्पग्राउंडमध्ये तंबूत पडल्या पडल्या तो ऐकू येतो.

ग्रेट स्मोकीतला केड्स कोव्हचा ११ मैलांचा एकमार्गी रस्ता नवख्यांना सोपा आहे. हरणं, रानटर्की आणि नशीब असेल तर काळं अस्वल. तिथल्याच एल्कमाँटला मे अखेर ते जूनमध्ये एका तालात लुकलुकणारे काजवे असतात, त्यासाठी सोडतीत नाव लागावं लागतं. यलोस्टोनमध्ये बायसनचा माजाचा काळ जुलैच्या मध्यापासून ऑगस्टच्या मध्यापर्यंत. मे-जूनमध्ये पिल्लं असतात, आणि तेव्हा एल्कच्या माद्यांपासून अंतर आणखी वाढवा.

मुलं बरोबर असतील तर

व्हिजिटर सेंटरमध्ये ज्युनिअर रेंजरची पुस्तिका पहिल्याच दिवशी मागून घ्या. त्यात कोडी, निरीक्षणाची कामं आणि बऱ्याचदा रेंजरच्या एका कार्यक्रमाला हजेरी लावायची अट असते. ती पूर्ण करून नेली की रेंजर पुस्तिका खरोखर तपासतात, प्रश्न विचारतात, उजवा हात वर करून शपथ देतात आणि बिल्ला देतात. निघायच्या दिवसावर हे ठेवू नका, त्या सकाळी सेंटर उघडायच्या आत तुम्ही रस्त्याला लागलेले असाल आणि मागच्या सीटवर रडारड. मोठ्यांनाही पुस्तिका मिळते. माझ्याकडे चार बिल्ले आहेत आणि मला त्याची लाज वाटत नाही.

शेवटच्या सकाळी तंबू गुंडाळून झाला की बेअर बॉक्समध्ये मागच्या कोपऱ्यापर्यंत हात घालून बघा. आमची साबणाची डबी अशीच एका पार्कात राहून गेली.